गट, गाव आणि एकटीचा हात

(ग्रामपंचायतींच्या महिला सदस्य आणि संघटनेच्या कार्यकर्त्या यांच्यासाठी झालेल्या दोन दिवसांच्या निवासी शिबिरातील भाषणाचं हे शब्दांकन. गावांची व व्यक्तींची ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळले आहेत.)



सकाळी आपण ओळखी करून घेतल्या. तेव्हा मी एक गोष्ट वहीत टिपून ठेवली. आपण बेचाळीसजणी आहोत. त्यातल्या निम्म्याहून जास्त जणींनी नाव सांगितलं, गाव सांगितलं, आणि लगेच पुढे, न विचारता, 'आम्ही अमक्या साहेबांच्या गटाच्या' किंवा 'आम्ही विकास पॅनेलच्या' असं सांगितलं. एक मावशी तर म्हणाल्या, 'मी कोणत्या गटाची ते मालकांना विचारून सांगते.' आपण सगळ्या हसलो, त्याही हसल्या. पण खरं सांगायचं तर त्या एकट्याच पूर्ण प्रामाणिकपणे बोलल्या.

मला विषय दिला आहे 'लोकशाही, राजकीय गट आणि व्यक्तीचे हक्क'. विषय जड वाटतो, पण आपण सगळ्या त्याच्या मधोमध उभ्या आहोत. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. म्हणून गावात राजकारण नाही असं कोणी म्हणालं तर तुम्ही त्याला वेड्यात काढाल. पक्ष नसतो तिथे पॅनेल असतं, पॅनेलच्या मागे भावकी असते, भावकीच्या मागे जमीन, सोसायटी, दूध डेअरी, पाण्याची पाळी. गट हा शब्द आपण राजकारणाचा म्हणून वापरतो, पण बाईच्या वाट्याला तो चुलीपर्यंत येतो. कोणाच्या घरी हळदीकुंकवाला जायचं आणि कोणाच्या घरी नाही, हेही गटच ठरवतो.

आता गट वाईटच असतात का? मी तसं म्हणणार नाही. आपली संघटना हाही गटच आहे. अठ्ठावीस वर्षांच्या सुनेला घराबाहेर काढलं तर ती एकटी काही करू शकत नाही, चाळीसजणी दारात जाऊन बसल्या तर सासरा बोलायला बाहेर येतो. बायकांनी एकत्र येऊन गाव चालवून दाखवल्याची उदाहरणं महाराष्ट्रात आहेत. १९८६ च्या चांदवडच्या अधिवेशनानंतर शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीने बायकांची पॅनेलं उभी करायचं ठरवलं, आणि १९८९ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरसारख्या गावांत सगळ्या जागांवर बायका निवडून आल्या. तेव्हा ७३ वी घटनादुरुस्ती झालेली नव्हती. आज आपल्याला पन्नास टक्के जागा राखीव आहेत, २०११ पासून. तेव्हा विटनेरच्या बायकांना गट नसता तर काहीच नसतं. म्हणून प्रश्न गट असावेत की नसावेत हा नाहीच. गटाने एकटीचं काय केलं, हा आहे.

हा प्रश्न जुना आहे. १७८७ मध्ये अमेरिकेची राज्यघटना लिहून झाली होती आणि ती मान्य करावी की नाही यावर न्यूयॉर्कमध्ये वाद चालला होता. तेव्हा जेम्स मॅडिसनने टोपण नावाने वर्तमानपत्रात लेख लिहिले. त्यातला २२ नोव्हेंबरचा लेख गटबाजीवर आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की गट नाहीसे करायचे तर दोनच मार्ग आहेत. एक, माणसांचं स्वातंत्र्य काढून घ्या. दुसरा, सगळ्यांना एकच मत ठेवायला लावा. पहिला रोगापेक्षा वाईट आणि दुसरा अशक्य. तेव्हा गट राहणारच, त्यांच्यापासून होणारं नुकसान आवरायची व्यवस्था करा. आणि त्याची एक गोष्ट मला फार पटते: जागा जितकी लहान, तितकं बहुमताच्या गटाचं लवकर जमतं आणि तितकं त्याला उरलेल्यांना चिरडणं सोपं जातं. मोठ्या देशात गट अनेक, एकमेकांना छेद देणारे, म्हणून कुणा एकाला सगळं बळकावता येत नाही. हा मॅडिसन स्वतः गुलाम बाळगणारा जमीनदार होता, त्याला काळजी होती ती मुख्यतः मालमत्तावाल्यांच्या हक्कांची, आणि बायका तर त्याच्या हिशोबात नव्हत्याच. अमेरिकेत बायकांना देशभर मताचा हक्क मिळाला १९२० मध्ये. पण लहान जागेबद्दलचं त्याचं म्हणणं आपल्या गावाला लावून पाहा. चारशे उंबऱ्यांच्या गावात बहुमत जमवायला किती वेळ लागतो? पारावर एक संध्याकाळ पुरते.

हेच दुसऱ्या अंगाने, आणि कितीतरी जास्त अनुभवाने, डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मांडलं. घटनेचा मसुदा मांडताना त्यांनी सांगितलं की आम्ही गाव हा घटक धरलेला नाही, व्यक्ती हा घटक धरला आहे, आणि याचा मला आनंद आहे. गावाबद्दल ते फार कडक बोलले. अनेक सभासदांना ते झोंबलं, आणि मग त्याच महिन्यात ग्रामपंचायतींबद्दलचं कलम मार्गदर्शक तत्त्वांत घातलं गेलं, आजचं कलम ४०. मी एम.एस.डब्ल्यू. करत असताना आम्हाला 'समुदाय संघटन' हा विषय होता. त्यात 'समुदायाची गरज', 'समुदायाचा निर्णय' असे शब्द सारखे येत. गावात काम करायला लागल्यावर पहिल्या सहा महिन्यांत कळलं की समुदाय म्हणून जो कोणी बोलतो तो बहुतेक वेळा पाच-सहा पुरुष असतात, आणि त्यातल्या दोघांचं तर एकमेकांशी जमीनजुमल्याचं भांडण चालू असतं.

घटनेतले हक्क आपण नेहमी सरकारविरुद्धचे म्हणून शिकतो. पण कलम १५ चा दुसरा भाग वाचा: दुकानं, विहिरी, तळी, घाट, रस्ते यांवर कोणाला अडवता येणार नाही. कलम १७ अस्पृश्यता बंद करतं. हे अडवणारं सरकार नव्हतं, शेजारी होते. जुलूम गावकीकडूनही होतो हे घटना लिहिणाऱ्यांना नीट माहीत होतं.

'आमचं गाव बिनविरोध' याचं आपल्याला फार कौतुक असतं. कधी ते खरंच समजुतीने होतं, नाही असं नाही. पण नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्यात काय झालं? देवळाच्या कामासाठी म्हणून सरपंचपदाची बोली लागली, ती दोन कोटींच्या वर गेली. नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळीतही असाच लिलाव झाला. जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही गावांच्या निवडणुका रद्द केल्या. गावाचं एकमत झालं होतं की नव्हतं? झालंच होतं. मात्र ज्या बाईला उभं राहायचं असेल आणि जिच्याकडे कोटी सोडा, शंभराच्या दहा नोटा नाहीत, तिला कोणी विचारलेलं नव्हतं.

आता आपल्या जवळची गोष्ट सांगते. आपल्या कामाच्या भागातली, नऊ सदस्यांची ग्रामपंचायत. २०२१ ला निवडून आली. सरपंचपद महिलेसाठी राखीव. पॅनेलच्या बैठकीत ठरलं की चौघींना सव्वा-सव्वा वर्ष द्यायचं. देवळात बेलभंडारा उचलून झाला, आणि पहिल्या ताईंकडून राजीनाम्यावर तारीख न घालता सही घेतली गेली. तुमच्यातल्या कितीजणींनी अशी सही केली आहे ते मी विचारत नाही. पण माना खाली गेलेल्या मला इथून दिसतात.

या सरपंचताई सातवी शिकलेल्या. पहिलं वर्षभर यजमान सांगतील तिथे सही. मग पाणी योजनेचं एक बिल पुढे आलं. पाइप टाकलेला नव्हता आणि बिल पूर्ण. ताईंचं घर टाकीच्या खालच्या अंगाला, पाणी येत नाही हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. त्या म्हणाल्या, 'खंदक दाखवा, मग सही.' एवढंच वाक्य. त्यानंतर आठ दिवसांत दोन पिढ्यांचे वैरी असलेले दोन गट एक झाले. मी नऊ वर्षं त्या गावात जाते, ते दोन पुढारी एका खाटेवर बसलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

तारीख नसलेला राजीनामा बाहेर काढला, पण ताईंनी तो आपल्या इच्छेने दिलेला नाही असं लगेच लेखी कळवलं, त्यामुळे तो बारगळला. मग तहसीलदारांकडे अविश्वासाची नोटीस गेली. इथे कायद्याची एक भिंत आहे ती लक्षात ठेवा. महिलेसाठी राखीव असलेल्या पदावरच्या सरपंचाविरुद्ध ठराव व्हायला तीन-चतुर्थांश सदस्य लागतात. नऊ जणांत ते सात होतात. ही भिंत उगाच घातलेली नाही. महिला सरपंच झाली की वर्षा-दोन वर्षांत तिला खाली ओढायचं, हे राज्यभर इतकं झालं की कायदा बदलावा लागला. (थेट जनतेतून निवडलेल्या सरपंचाचं आणखी निराळं आहे. थेट निवड २०१७ ला आली, २०२० ला गेली, २०२२ ला परत आली. तिथे सदस्यांनंतर ग्रामसभेतही गुप्त मतदान लागतं. त्यावर उद्या वेगळं सत्र आहे.)

सदस्यांना सहलीला नेलं. बायका सदस्यांना नवऱ्यांसकट. देवदर्शन, लॉज, सगळ्यांचे फोन एका माणसाच्या पिशवीत. सभेच्या दिवशी दोन गाड्या थेट ग्रामपंचायतीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. ठरावाच्या बाजूने सहा हात वर झाले. सातवा झाला नाही.

सरपंचताईंचं पद राहिलं. आम्ही तालुक्याला त्यांचा सत्कार केला, साडी-नारळ दिलं, वर्तमानपत्रात फोटो आला. आमच्या अंकातही बातमी होती. आणि ज्या बाईने हात वर केला नाही तिचं नाव त्या बातमीत नव्हतं. मीच ती बातमी लिहिली होती.

ती दुसऱ्या गटाची होती. सरपंचताईंशी तिची मैत्री नव्हती, उलट सांडपाण्यावरून भांडण होतं. नंतर मी तिला विचारलं की हात का नाही उचलला. ती म्हणाली, 'उचलायचाच होता. पण सगळ्यांनी माझ्या हाताकडे बघितलं, तेव्हा वाटलं, हा माझा आहे.'

त्या रात्री घरात मार बसला. दुसऱ्या आठवड्यापासून गावकीने तिच्या घराशी व्यवहार तोडला. कोणी दवंडी दिली नाही, कोणी लिहून दिलं नाही. फक्त सोयाबीन काढायला मजूर येईनात. वास्तुशांतीचं आमंत्रण बाजूच्या घरापर्यंत येऊन पुढच्या घरी गेलं. सरपंचताईंसाठी कायद्यात तीन-चतुर्थांशाची भिंत होती. हिच्यासाठी?

कायदा आहे. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला, तो जुलै २०१७ पासून लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. यामागे मोठा इतिहास आहे. १९४९ मध्येच तेव्हाच्या मुंबई राज्याने वाळीत टाकण्याला बंदी करणारा कायदा केला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मप्रमुखांनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने तो रद्द केला. म्हणणं असं की धर्माच्या कारणावरून सभासदाला बाहेर काढणं हा पंथाचा आपला कारभार चालवायचा हक्क आहे. सरन्यायाधीश सिन्हा एकटे विरुद्ध होते. बाहेर काढलेल्या माणसाला लग्न, मयत, दफन सगळ्याला मुकावं लागतं, मग त्याच्या हक्काचं काय, असा त्यांचा रोख होता. २०२३ मध्ये पाच न्यायाधीशांनी या निकालाचा फेरविचार व्हावा म्हणून प्रकरण नऊ जणांच्या पीठाकडे पाठवलं. गटाचा हक्क मोठा की गटातल्या एकाचा, हा प्रश्न म्हणजे आपल्या पारावरचं भांडण आहे आणि देशातलं सगळ्यात मोठं न्यायालयही त्यात साठ वर्षं अडकलेलं आहे.

मॅडिसनचा उपाय लागू पडतो का, हे पाहायचं तर जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याचं प्रकरण बघा. तिथल्या महिला सरपंच २०२१ मध्ये निवडून आल्या. गावातल्या लोकांनी तक्रार केली की त्या सासूबरोबर सरकारी जागेवरच्या घरात राहतात, म्हणून अपात्र. त्या सांगत होत्या की मी नवरा-मुलांसह वेगळी, भाड्याच्या घरात राहते. जिल्हाधिकाऱ्यांनी अपात्र ठरवलं, विभागीय आयुक्तांनी ते कायम केलं, उच्च न्यायालयात दाद लागली नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पद परत दिलं आणि गावाला बाई सरपंच म्हणून पचली नाही हे स्पष्टपणे लिहिलं. म्हणजे गावातला गट लहान जागेत जिंकला आणि मोठ्या जागेत हरला. मॅडिसन म्हणाला असता, बघा. पण पाच वर्षांच्या मुदतीतली किती वर्षं गेली? आणि मधल्या तीन पायऱ्यांवर कागद तेच होते. तिथे बसलेल्या कोणालाच बाई दिसली नाही.

अतिक्रमणाचा नियम, शौचालयाचा नियम, दोन अपत्यांचा नियम, यांतला प्रत्येक चांगल्या हेतूने आला असेल. पण गावात तो गटाच्या हातातली काठी होतो. तिसरं मूल हवं की नको हे जिला कोणी विचारलं नाही, तिचंच पद त्या मुलामुळे जातं. यावर एक पूर्ण दिवस लागेल, आज सोडते.

आता एक गोष्ट सांगायची, जी मी आजवर संघटनेच्या बैठकीतही धडपणे सांगितलेली नाही. २०१३ मध्ये एका गावात आपल्या बायकांनी हातभट्टीविरुद्ध आंदोलन केलं. जोरात झालं. भट्ट्या फोडल्या, पोलिसांना आणलं. गावात भट्टी लावणारी एक विधवाही होती. दीर जमीन देत नव्हता, दोन मुलं होती. बायकांच्या सभेत ठरलं की हिला कोणी कामाला बोलवायचं नाही, गिरणीवाल्याने हिचं दळण घ्यायचं नाही. ठराव एकमताने झाला. इतिवृत्त मी लिहिलं, अक्षर चांगलं म्हणून. तीन आठवडे ती शेजारच्या गावाला डोक्यावर दळण घेऊन जात होती. भट्टी बंद झाली, आपण यश म्हणून मोजलं. पुढे तिने एकदा मला बाजारात गाठलं आणि म्हणाली, 'तुमच्या मोर्चात मीसुद्धा आले असते. जमिनीचं बोलायला या, म्हणून दोनदा तुमच्या दारात आले होते. तेव्हा तुम्हाला वेळ नव्हता.' खरं होतं ते. वहीत तिच्या अर्जाची नोंद सापडली.

तेव्हा २०१६ चा कायदा नव्हता. असता तर त्या इतिवृत्ताखाली ज्यांच्या सह्या आहेत त्यांच्यावर तो लागला असता, आणि पहिली सही माझी आहे. दारू वाईट आहे, बायकांचा राग खरा होता, हे सगळं मला मान्य आहे. पण त्या सभेत पंचेचाळीस बायका होत्या आणि एकीनेही हात खाली ठेवला नाही. कुणाला वेगळं वाटत नव्हतं असं मी मानत नाही. वेगळं वाटणारीला बोलता यावं अशी ती सभा आम्ही ठेवलीच नव्हती.

त्यानंतर आम्ही दोन बदल केले. कुणा एका व्यक्तीविरुद्ध ठराव असेल तर तिला आधी बोलावून तिचं ऐकायचं, आणि मत चिठ्ठीवर घ्यायचं. जुन्या कार्यकर्त्या चिडतात. 'आपल्या आपल्यात कसली गुप्त मतदानं?' म्हणतात. वेळही जातो. एका गावात चिठ्ठ्यांमुळे आमचाच ठराव पडला. पडू दे. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची तरतूद आहे, ती बहुतेक गावांत रजिस्टर घरोघर फिरवून उरकतात. ती खरी भरवा, आणि इतिवृत्तात विरोधात बोललेलीचं म्हणणं तिच्या शब्दांत लिहून घ्या. कोऱ्या कागदावर सही करू नका. केली असेल तर आजच सांगा, कोणी रागावणार नाही, ती कशी निस्तरायची ते बघू.

आणि आता शेवटचं. जिने हात वर केला नाही तिला या शिबिराचं बोलावणं होतं. ती आलेली नाही. बहिष्काराची तक्रार करावी का, यावर आमच्या कार्यालयात महिनाभर वाद चालू आहे. काहीजणी म्हणतात तक्रार केलीच पाहिजे, पुढाऱ्यांना जरब बसेल, चळवळीसाठी हे प्रकरण महत्त्वाचं आहे. तिचं म्हणणं वेगळं आहे. थोरलीचं लग्न मार्गशीर्षात ठरलंय, ते होईपर्यंत पोलीस दारात नकोत. मला कळतं की तोवर साक्षीदार फिरतील. तरीही तिच्या नावाचा कागद तिच्या मनाविरुद्ध पुढे सरकवायला मी तयार नाही, आणि या बाबतीत सध्या मी कार्यालयात अल्पमतात आहे.

गुरुवारी आम्ही दोघी तिच्याकडे जाणार आहोत. जीप नाही, एस.टी.ने. तक्रारीचा अर्ज नेणार नाही. तिची सोयाबीन अजून शेतात उभी आहे, तेव्हा विळे घेऊन ज्यांना यायचं त्यांनी चहाच्या वेळी मला नाव द्या.